पप्पांना पोएम म्हणून दाखव

माझा स्वभाव घायकुता. माहेरी रहिमतपूरला म्हणायचे, हिला तव्यावरची भाकरी फुगायचीसुद्धा वाट बघवत नाही. मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

मिस्टर फौजेत. पोस्टिंग लांब, डोंगरात. तिथं रेंज यायची ती संध्याकाळी जरा वेळ. व्हिडिओ कॉल लागला तर लागला, नाहीतर नुसतं हॅलो हॅलो. लेक तेव्हा लहान, नुकती बोलायला लागलेली. तिला बापाला किती सांगायचं असायचं. गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक गटारात पडलं... पण एवढ्याशा पोरीचं सांगणं ते. 'आणि मग, आणि मग' करत गाडी जागची हलायची नाही. इकडं रेंज चाललेली, माझा जीव वरखाली. मी तिला कोपरानं ढोसायचे. "ते राहू दे. पप्पांना पोएम म्हणून दाखव."

मग ती हात बांधून पोएम म्हणायची. मिस्टर टाळ्या वाजवायचे, त्यांच्याबरोबरचे जवानही वाजवायचे, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढं पुढं मी फोन यायच्या आधी तालीमच घ्यायला लागले. पोएम, वार, रंग, पाढे. साताऱ्यात आमच्या गल्लीत बरीच घरं फौजींची. सगळीकडं हेच चालतं. बाप फोनवर आला की पोरगं उभं करायचं आणि गॅदरिंग सुरू.

पहिलीत गेली आणि पोरगी फडाफडा वाचायला लागली. मी सगळ्या नातेवाइकांत मिरवून घेतलं. मग एक दिवस शाळेतल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, वाचते छान, पण वाचलेलं काय होतं ते सांगता येत नाही. चित्र बघून दोन वाक्यं लिही म्हटलं तर पुस्तकातलंच काहीतरी उतरवून काढते. घरी बोलते का? मला राग आला. म्हटलं, बोलते की, ढीगभर पोएम पाठ आहेत तिला. बाईंनी वाद घातला नाही. "पाठ म्हणणं वेगळं हो. मनातलं आधी तोंडातून आलं तर पुढं हातातून येतं. तिचं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्या."

रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी मनात बाईंचा उद्धार करत होते. घरी आल्यावर लेकीला विचारलं, आज शाळेत काय झालं गं? ती विचारात पडली. मग म्हणाली, "कुठलं म्हणू?"

दुसऱ्याचं लेकरू असतं तर मी त्याच्या आईला चार शब्द सुनावले असते.

मिस्टर रजेवर आले, तर लेक त्यांच्यापुढं उभी राहिली, पोएम म्हणाली, टाळ्या झाल्या आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. ते बिचारे तिला मांडीवर घेऊन बसायचे, काय तरी सांग की म्हणायचे, आणि ती माझ्याकडं बघायची. शेवटी मला विचारलं, "माझ्याशी बोलत का न्हाई गं ही?" मी सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "ते गटारातलं पिल्लू वाचलं का, ते मला कवा कळलंच न्हाई."

मग मी तोंडाला कुलूप लावलं. जेवताना, वेणी घालताना ती काही बोलायला लागली की गप्प बसायचे. लय जड गेलं. पण पोरगी उघडायला लागली. बापाबरोबर गच्चीवर बसून अर्धंमुर्धं काहीबाही सांगायची. मी कपडे वाळत घालता घालता ऐकायचे आणि डोळे पुसायचे.

रजा संपली. स्टँडवर गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला. लेकीनं बापाचा शर्ट धरला. "पप्पा, मी ना, मला ना, एक..."

"अगं लवकर सांग, गाडी सुटतीय!" मी म्हणाले. कसं तोंडातून गेलं कळलंच नाही.

तिनं शर्ट सोडला. मिस्टर खाली वाकले, बोल बाळा म्हणाले, पण ती माझ्याकडंच बघत राहिली. गाडी गेली.

घरी चालत येताना मी तिला हळूच विचारलं, काय सांगणार होतीस? मला सांग, मी ऐकते, घाई नाही.

"ते पप्पांना सांगायचं होतं," ती म्हणाली.