पापणी पडते, मग छाती काऊन कापता?

"थायमोमा," डॉक्टर म्हणाले आणि सीटीची फिल्म उजेडाला धरली. मी लगेच म्हणालो, "साहेब, माझं थायरॉईड नॉर्मल आलंय."

"थायरॉईड नाही, थायमस. छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी. लहानपणी प्रतिकारशक्ती घडवते, मोठेपणी सुकत जाते. तुमच्या त्या ग्रंथीत गाठ झाली आहे. छाती उघडून ती काढावी लागेल."

माझी बायको सुनंदा फिल्म पाहायला पुढे वाकली. देऊळगाव राजाहून संभाजीनगरला आम्ही आलो होतो ते डोळ्यासाठी!

मी एसटीत कंडक्टर. दुपारनंतर डावी पापणी खाली यायची, एका प्रवाशाचे दोन दिसायचे. संध्याकाळी बोलणं नाकात जायचं, भाकर चावताना जबडा थकायचा. सकाळी उठलो की सगळं झकास. हे कुणाला पटणार? डेपोत एकानं सरळ माझ्या तोंडाचा वास घेतला. "काऊन बे, आज जास्त झाली का?" अरे, मी सुपारीच्या खांडालाही शिवत नाही! असा संताप आला, पण भांडायला गेलो तर जीभ आणखीच अडखळली.

चष्मा बदलून झाला. शेवटी जालन्याच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासून नाव सांगितलं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचू देत नाही. वापरला की स्नायू थकतो, विसावा मिळाला की सुधारतो. त्यांनीच छातीचा सीटी काढायला लावला आणि संभाजीनगरला पाठवलं होतं.

"पापणी पडते, मग छाती काऊन कापता?" सुनंदानं विचारलं. माझ्याही मनात तेच होतं.

"थायमोमा असलेल्या बऱ्याच जणांना मायस्थेनिया होतो," डॉक्टर म्हणाले. "पण मायस्थेनिया असलेल्या बहुतेकांना थायमोमा नसतो."

बाहेर बाकड्यावर बसून मी ते माझ्या परीनं लावून पाहिलं. माझ्या गाडीत जालन्याचे प्रवासी भरपूर. पण जालन्याला जाणारे सगळे माझ्याच गाडीत थोडेच बसतात? एवढं समजलं. मग मीच का? परत आत जाऊन विचारलं. तंबाखू नाही, घराण्यात कुणाला नाही.

"दुर्मिळ आजार आहे. का होतो, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पण गाठ आजूबाजूला पसरू शकते. आणि मायस्थेनिया श्वासाच्या स्नायूंत उतरला, तर जिवावर बेतेल."

मला भीती वाटली. तरी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर घशातली श्वासाची नळी काढली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "काका, श्वास घ्या." घेतला. छातीत कळ गेली, पण हवा आत गेली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमची पापणी संध्याकाळी जड आणि सकाळी ठीक होत असेल, तर चष्म्याच्या दुकानातच अडकू नका. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा.

गाठ पूर्ण निघाली. तरी गोळ्या चालूच आहेत. काहींचा मायस्थेनिया उतरतो, काहींचा राहतो म्हणे. मग मी बरा की आजारी? परवा मेव्हण्यानं फोनवर हेच विचारलं. सुनंदानं फोन माझ्या हातातून घेतला.

"हाव, श्वास घेऊन राह्यले ना," ती म्हणाली. "बाकीचं पाहू मंग."