काळ्या मण्याची जागा

अमरावतीच्या बायकांमध्ये माझ्या नावावर एक वही फिरते. चौकटींच्या कागदाची, मण्यांच्या नमुन्यांची. कुणी लेकीसाठी उतरवून घेतली, कुणी भाचीसाठी. मूळ वही कुणाकडे आहे, ते आता मलाही ठाऊक नाही. परवा एका लग्नात एक अनोळखी मुलगी माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कसं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "डोळे उघडे ठेवायचे. जवळचंच बघायचं."

घरी आले आणि दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. नमुने माझे नाहीत, हे मला वीस-पंचवीस वर्षं माहीत होतं. ते उत्तरही माझं नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं.

ते माझ्या वहिनीचं आहे.

वहिनी आमच्या अकोल्याच्या घरी आली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. माहेर दर्यापूरकडचं, शाळा चौथीपर्यंत. तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांत काचेचे बारीक मणी. मला वाटलं, हिला कुणीतरी शिकवायला हवं. मी शाळेत हस्तकलेत पहिली. मासिकात चौकटींचा नमुना आला की चौकटी मोजायच्या आणि तेवढे मणी ओवायचे, एवढंच माझं शास्त्र. मोजण्यात मात्र माझा हात कुणी धरला नसता.

वहिनी मोजायची नाही. दुपारची भांडी झाली की ओसरीतल्या बाजेवर बसायची, दोऱ्याला मेण लावायची आणि दोन सुयांवर विणत जायची. एकदा तिनं वारा घालायच्या विंझण्याला अशी किनार केली की आडवे-उभे मणी एकमेकांच्या खालून वरून गेल्यासारखे वाटावेत. मी असं काही कुठल्या अंकात पाहिलं नव्हतं.

"वहिनी, हा नमुना कुठं पाहिला तुम्ही?"

"त्याच्यावरच तं बसून राहिल्या तुमी."

मी खाली पाहिलं. बाजेची सुतळीची वीण. जन्मापासून मी तिच्यावर लोळत होते.

मग मीही बघायला लागले. सूप बघितलं, चाळणी बघितली, ज्वारीचं कणीस हातात घेऊन अर्धा तास बसले. मला सूप दिसायचं. चाळणी दिसायची. कणीस तर दिसायचंच. त्यातून मण्यांकडे काही येत नव्हतं. वहिनी हसायची. "बाई, पाहून नका राहू इतकं. ते कणीस लाजून राह्यलं." तिनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. मला टोचलं.

तिच्या प्रत्येक कामात एक मणी काळा असायचा. पांढऱ्यात, हिरव्यात, कशातही एक काळा. मला ती चूक वाटली आणि मी ती आनंदानं दाखवून दिली.

"चूक नाही जी. तीट हाय. लेकराच्या गालाले लावतो ना, तशी. चांगल्या कामाले दृष्ट लागते."

"पण लावायची कुठं?"

"पाहनाऱ्याची नजर आदी जिथं पडन, तिथं." आणि तिनं विंझणा हातभर दूर धरून डोळे मिटले, उघडले, आणि एका मण्यावर बोट ठेवलं. दर वेळी ती असंच करायची. दर वेळी जागा वेगळी निघायची.

माझं लग्न ठरायच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या माहेरी गेलो होतो. वावरातून पायवाटेनं जाताना वहिनी एकदम खाली बसली. काळी माती वैशाखात फाटते तशी फाटली होती. तिनं एका भेगेत हात घातला, पार कोपरापर्यंत. "पाहा ना बाई, कशा एकीतून एक निंगाल्या." माझे पाय पोळत होते. मी म्हटलं, "चला ना वहिनी." एका भेगेच्या काठावर कसलंसं हिरवं पान तग धरून होतं, तेही तिनंच दाखवलं.

अकोल्याला परतल्यावर दोन महिने ती एक तोरण विणत होती. दुधी मण्यांची जमीन, त्यात तपकिरी रेषा फुटत गेलेल्या, एकीतून दुसरी, कुठंच सरळ नाही. खाली लोंबणारी नऊ पानं. आणि सगळ्या तोरणात मिळून एक हिरवा ठिपका. आई दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "दाराले भेगा टांगतं काय वं, सूनबाई? लोकं म्हनतीन काय!"

"भेगा पडल्या म्हून तं पानी मुरते," वहिनी म्हणाली आणि सुई दातात धरून दोरा ओढला.

ते तोरण माझ्या रुखवतात गेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नवरीच्या हातचे'. ती चिठ्ठी वहिनीनंच आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिली होती. त्यात काही वावगं नव्हतं. रुखवतातलं अर्धं सामान काकू-मावशींच्या हातचं असतं आणि सगळं नवरीच्या नावावर मांडलं जातं. मांडणारे जाणतात, बघणारेही जाणतात. त्या चिठ्ठीची टोचणी मला नाही.

टोचणी आहे ती आदल्या आठवड्याची. वहिनी पाहुण्यांच्या स्वयंपाकात गळ्यापर्यंत बुडालेली असताना मी माडीवर ते तोरण पसरून बसले आणि मणी मोजून सगळं चौकटींच्या कागदावर उतरवलं. का उतरवते आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही. काळा मणीही उतरवला. पाचवं पान, तिसरी ओळ.

सासूबाई पुण्याकडच्या. अमरावतीत महिला मंडळ चालवायच्या, बोलणं स्वच्छ, नजर तीक्ष्ण. लग्नानंतर तोरण हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सुरेख आहे. काय म्हणायचं या नमुन्याला?"

मी म्हटलं, "वेलजाळी."

त्या स्वच्छ बैठकीच्या खोलीत वावरातल्या भेगा म्हणायची मला लाज वाटली. शब्द तोंडाला आला तसा बोलले आणि त्या दिवसापासून ती वेलजाळी झाली. मंडळाच्या बायकांना हवी झाली. मी कागद समोर ठेवून विणत गेले. मग विचारणा आली, नवीन काय?

नवीन माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून माहेरी गेले की पिशवीत वही असायची. वहिनी नळावर धुणं घेऊन गेली की तिची पेटी उघडायची आणि मोजायला बसायचं. मागितलं असतं तर तिनं हसत दिलं असतं. पण मागायचं तर सासरी काय सांगून ठेवलंय, तेही सांगावं लागलं असतं. तुरीच्या शेंगा, मुंग्यांची रांग, सापाची कात, सगळं मी असं नेलं आणि सासरी त्यांना वेगळी, शोभेशी नावं दिली. काळा मणी तेवढा मला कळत नव्हता. गाळायची भीती वाटायची. वहिनीनं कुठंही ठेवलेला असो, मी तो तोरणाच्या पाचव्या पानात, तिसऱ्या ओळीतच ठेवायची. बायका म्हणू लागल्या, ही हिची खूण. मी नाही म्हटलं नाही.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग दादा काविळीनं गेला. वहिनीच्या पदरी नऊ वर्षांची लेक. घर वडिलांचंच होतं, बाहेर कुणी काढत नव्हतं, पण धाकट्या भावाचं लग्न झालं होतं आणि चूल धाकट्या वहिनीच्या हाती गेली होती. त्याच सुमारास सासूबाईंच्या मंडळानं अकोल्यात बायकांसाठी हस्तकलेचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवायला एक बाई हवी होती. मी पत्रात सहज लिहिलं. वहिनीचं कार्ड आलं. 'बाई, मले जमन काय?'

मी लिहिलं, 'जमेल. हातचं काही घेऊन या.'

मीच बोलावलं तिला. तेव्हा मला खरोखर वाटत होतं, माझ्यामुळे तिचं भलं होईल.

ती सकाळच्या एस.टी.नं आली. पांढरं लुगडं, हातात फडक्याचं गाठोडं. सासूबाई बैठकीत बसल्या होत्या. भिंतीवर माझी कामं टांगलेली होती. वहिनीची नजर त्यांवरून एकदा फिरली आणि खाली गेली. मी चहा आणायला आत गेले. मुद्दाम वेळ लावला. ट्रे घेऊन आले तेव्हा गाठोडं सुटलं होतं आणि सासूबाईंच्या मांडीवर तोरण होतं. भेगांचं. पहिल्यापेक्षा मोठं, पहिल्यापेक्षा चांगलं. रेषा आता पानांपर्यंत उतरल्या होत्या.

"हात चांगला आहे तुमचा," सासूबाई म्हणाल्या. "पण ही तर वेलजाळी."

"भेगा हायत त्या, जी. वावरातल्या."

सासूबाई हसल्या. "भेगा कसल्या! आमच्या सूनबाईचा नमुना आहे हा, अख्खं मंडळ ओळखतं. आणि हे काय, काळा मणीसुद्धा? अहो, ती तर तिची खूण. खूणही उतरवलीत?"

वहिनीनं गाठोड्याचं रिकामं फडकं मांडीवर सारखं केलं.

"रागवू नका," सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, समोर होतं त्यावरून बोलत होत्या. "पण वर्ग चालवायचा तर स्वतःला काही सुचायला हवं. बघून करणाऱ्या मला पुष्कळ मिळतात."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तवा तापायची वाट बघावी, तशी ती बघत होती. मी ट्रेमधले कप सरळ केले. तिन्हींचे कान एका बाजूला केले. मग पुन्हा सरळ केले.

"हो जी," वहिनी म्हणाली. "बाईचंच पाहून केलं. मले कुठलं सुचते."

तिनं चहा सगळा प्यायला. तोरणाची घडी घालून गाठ मारली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. सारा रस्ता ती लेकीच्या शाळेबद्दल बोलत होती. गाडी लागलेली होती. मला राहवलं नाही.

"वहिनी, काहून म्हटलं तुम्ही असं?"

"मंग काय म्हनू? रुखवतावर म्याच लिवलं होतं ना, नवरीच्या हातचं. आता तुमच्या सासरी जाऊन मीच खोटं पाडू?" गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली. "तुमी बोलान म्हून थांबली होती मी जराशी."

खिडकीजवळ जागा मिळाल्यावर तिनं डोकं बाहेर काढलं. "बाई, तीट एकाच जागी काहून लावता तुमी? नजर का रोज एकाच जागी पडते?"

घरी आल्यावर सासूबाईंना सांगता आलं असतं. त्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी. महिनाभर वर्गासाठी बाई ठरली नव्हती. महिनाभर मी रोज त्यांच्या पुढ्यात जेवायला बसत होते. मग दुसरी एक बाई ठरली, आणि मला आधी काय वाटलं असेल तर सुटका. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा फोडणी द्यायला मोहरी शोधत होते. ती औषधाच्या बाटलीत सापडली. शेजारच्या बाटल्यांत मेथ्या, ओवा. मणी कुठंच दिसले नाहीत. वहिनी धाकट्या वहिनीच्या चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि पुढं नऊ वर्षं थापत राहिली.

तिच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की भाचीला माझं स्वतःचं काही द्यायचं. परसात बसले, भिंती बघितल्या, आभाळ बघितलं, तळहाताच्या रेषा बघितल्या. तेरा-चौदा वर्षांची असताना जे झालं होतं, तेच झालं. शेवटी हात भेगांकडेच गेले. तेवढा काळा मणी मात्र मी गाळला. तो लावायचा आपल्याला अधिकार नाही, असं वाटलं. यालाच मी त्या वेळी प्रायश्चित्त समजत होते.

लग्नाच्या दिवशी अकोल्याला मांडवात रुखवत मांडलं होतं. वहिनी समोर कशी येणार, ती माजघराच्या दाराआड उभी होती. तोरण मधोमध टांगलेलं. चिठ्ठीवर तीच मोठी मोठी अक्षरं, 'आत्याच्या हातचे'. मी जवळ गेले आणि नजर थेट तिथंच पडली. सातव्या पानाच्या टोकाला एक काळा मणी. तेवढे दोन पदर उसवून पुन्हा विणलेले. बाटलीत कुठंतरी तो एक उरला असेल.

मुलाकडची एक म्हातारी म्हणाली, "आत्याबाईचा हात म्हनजे पाहून घ्या!"

मी दाराकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "पोरीच्या रुखवताले तीट नाही, असं कसं चालन?" एवढंच. मांडवात तीस-चाळीस बायका होत्या. बोलायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. मी म्हातारीला वाकून नमस्कार केला.

सासूबाई आता नाहीत. वहिनी लेक-जावयाकडे असते, अकोल्यातच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, अक्षर लागत नाही. एकटीला गाठून तिच्यापाशी कबूल करायचं, असं मी पुष्कळदा ठरवलं आणि प्रत्येक वेळी तिच्या हातची भाजी-भाकरी खाऊन परत आले. आता वाटतं, बरंच झालं. चार भिंतींत तिच्या पाया पडले असते, तर ती "जाऊ द्या बाई" म्हणाली असती, आणि मी जाऊ दिलं असतं.

ती थांबली होती ती लोकांसमोर. म्हणून हे छापायला देते आहे. ज्यांच्याकडे ती वही आहे, त्यांनी पहिल्या पानावरचं माझं नाव खोडावं आणि तिथं लिहावं, 'अकोल्याच्या वहिनीचे'. वेलजाळीला भेगा म्हणावं. तोरणाच्या पाचव्या पानातली काळी चौकट तर खोडावीच. तिची जागा ठरलेली कधीच नव्हती.

अंक आला की अकोल्याला जाणार आहे. भाचीला, तिच्या घरच्यांना, शेजारणींना ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचणार आहे. वहिनी ऐकेल, आणि मधेच काहीतरी बोलून मला सावरायला बघेल, हे मला ठाऊक आहे. या वेळी मी थांबायची नाही.