तांदूळ आणि मूग

पत्नी वारल्यावर मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कोपरीतल्या एका खासगी शाळेत घातले. शाळा म्हणजे एका विधवा बाईंची पडवी आणि दहा-बारा मुले. बाई मुंबईत शिकलेल्या होत्या आणि छडी वापरत नसत, एवढेच मला ठाऊक होते.

"आज काय शिकलीस?" मी एकदा विचारले.

"तांदूळ आणि मूग वेगळे केले."

"आणि काल?"

"लोट्यातून लोट्यात पाणी ओतलं. सांडलं नाही."

कल्याणहून आलेली माझी थोरली बहीण हसली. "अरे, फी तू देतोस आणि घरकाम तुझी पोर करते! मोलकरीण ठेवण्यापेक्षा शाळा काढलेली बरी. हिला माझ्याकडे दे. निदान आपल्या घरचे तांदूळ निवडेल."

घरात माझे म्हणून ती पोरच तेवढी उरली होती. पण बाईंचा संशय मलाही होताच.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून लवकर निघालो आणि पडवीच्या कुडाआड उभा राहिलो. मुलगी सुपापुढे बसून दोन वाट्या भरत होती. शेजारचा मुलगा वाळूत बोटाने 'ग' गिरवत होता. बाई नुसत्या बघत होत्या. ते बघणेही मला लबाडीचे वाटले.

मुले घरी गेली. बाईंनी वाट्या उचलल्या. आता स्वयंपाकघरात नेणार, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी दोन्ही वाट्या सुपात उपड्या केल्या आणि धान्य पुन्हा कालवले.

न राहवून मी पुढे झालो. "बाई, हे काय?"

"उद्या तिला लागेल," त्या म्हणाल्या. "घरी धान्य कोण निवडायचं?"

"तिची आई."

"वाटलंच. निवडताना ती आईशी बोलते."

घरी मुलीने आईचा शब्दही काढला नव्हता. बाईंनी मला गुंडाळले, अशी शंका घेऊनच मी परतलो. बहिणीने विचारले, "पकडलीस का चोरी?" मी हातपाय धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुडाआड गेलो, या वेळी अगदी जवळ. मुलीची बोटे मुगांवरून फिरत होती. ती हळू आवाजात म्हणत होती, "आई, बाबा कालपण बाहेर उभे होते. आजही आलेत. त्यांना आत ये म्हणू का?"

बहीण एकटीच कल्याणला गेली.