देवघरातली हार्डडिस्क

फाइल उघडली आणि व्हिडिओऐवजी स्क्रीनवर नुसत्या आकड्या-अक्षरांच्या ओळी आल्या. शेजारी चौधरी सर बसले होते. त्यांना स्वतःचा एक धडा ऐकायचा होता.

सर विज्ञानाचे शिक्षक. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी लोधीपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात बसून त्यांनी मराठी शाळांसाठी धडे रेकॉर्ड केले होते. आता ते मोबाइलवर लिहून बोलतात. त्यांचा आवाज उरला होता तो त्या फाइल्समध्येच.

आदल्या दिवशी ऑफिसचा सर्व्हर जळाला, तेव्हा मी निर्धास्त होते, कारण दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर कॉपी होती. ही फाइल तिथलीच होती.

आमचे साहेब, महाजन, केबिनमधून आले. "माधुरी, तीन जागी माल आहे बोलली होती ना तू? मग टेन्शन कशाचं?"

"ऑफिसातला जळाला, सर. भाड्याच्या सर्व्हरवर नुसत्या चिठ्ठ्या आहेत, माल नाही."

आमच्या कामात फाइलच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद दूरच्या मशीनवरही पाठवतात. अशा दूरच्या जागेला रिमोट म्हणतात. व्हिडिओ फार मोठे, म्हणून नोंदीसोबत त्यांची ओळख पटवणारे आकडे लिहिलेली फक्त चिठ्ठी जाते, तिला पॉइंटर म्हणतात. खरा व्हिडिओ वेगळा पाठवावा लागतो. भाड्याच्या सर्व्हरची सेटिंग आमच्या नितीनने केली होती. त्यात व्हिडिओ ठेवायचा पत्ता चुकून ऑफिसच्याच सर्व्हरचा राहिला. दर वेळी 'पुश झालं', म्हणजे पोचलं, असा मेसेज यायचा आणि आम्ही सगळे खूश. मला त्या मेसेजचा अजून राग येतो.

तिसरी जागा इच्छापूरला, सरांच्या मुलीच्या, वैशालीताईंच्या घरी. तिकडे नेटची बोंब. म्हणून सगळे धडे हार्डडिस्कवर भरून बसच्या कंडक्टरकडे दिले होते. ताईंनी ते कॉम्प्युटरवर उतरवायचे, डिस्क परत पाठवायची, आम्ही ती पुसून दुसऱ्या कामाला वापरायची, असं ठरलं होतं. डिस्क काही परत आली नाही. फोन करकरून मी वैतागले होते. "पाठवते ना, घाई काय आहे," एवढंच उत्तर.

मी पुन्हा फोन लावला. "ताई, धडे कॉम्प्युटरवर घेतले का?"

"डिस्क लावलीच नाही गं. देवघरात ठेवली आहे, हळदकुंकू लावून. पप्पांचा आवाज आहे ना त्याच्यात, ऐकायची हिंमतच नाही झाली. अन् परत दिली तर तुम्ही पुसून टाकाल."

"ताई, तिला कशालाही जोडू नका. आहे तशी घेऊन या."

दुपारच्या बसने त्या आल्या, डिस्क पदरात गुंडाळून. पिन लावायच्या खाचेत कुंकू गेलं होतं. मी कापसाने ते हळूच काढलं. डिस्क लागली, चिठ्ठीतले आकडे फाइलशी जुळले.

"चला, वह्या काढा," सरांचा आवाज आला.

ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सर स्क्रीनकडे बघत होते आणि त्यांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते. महाजनसाहेबांनी चष्मा काढला.

आता प्रत्येक जागेवरची फाइल उघडून, ऐकून मगच मी 'कॉपी आहे' म्हणते. धडे उतरवून घेतले आणि डिस्क ताईंना परत दिली. ती पुन्हा मागायची नाही, हे ऑफिसात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.