वेशीबाहेरचा रविवार

परदेशात शिकायला गेले आणि पहिले चार महिने माझ्या तोंडून 'लय' हा शब्द निघाला नाही. बोलणार कुणाशी, भिंतीशी? त्यामुळे विद्यापीठात सोनपेठची एक मुलगी भेटली तेव्हा मला वेड लागायचंच बाकी होतं. मी ताडकळसची म्हटल्यावर तीही ओरडली, "अगं बाई, तू तर आपल्या परभणीची!" येत्या रविवारी दोघींनी जुनं शहर बघायला जायचं ठरलं. आईने बांधून दिलेलं जवारीचं पीठ मी जपून जपून वापरत होते. त्या सकाळी उरलंसुरलं सगळं मळून धपाटे केले.

त्या शहराला दगडी तटबंदी होती, मोठमोठ्या वेशी होत्या. फिरवून आणणाऱ्या माणसाने एका वेशीपाशी सगळ्यांना थांबवलं. कातडी कमावणारे आणि फाशी देणारे यांना पूर्वी या वेशीच्या आत राहू देत नसत, असं तो म्हणाला. चर्चमध्येही त्यांचं बाकडं वेगळं. सोनपेठवाली हळहळली. "माणसं म्हणावं का काय ह्यांना! जीव तुटायलाय बघ माझा." खरंच, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा ती मला फार आवडली.

मग नदीकाठच्या बाकावर आम्ही डबा उघडला. अर्धा धपाटा खाऊन ती "लय झक्कास" म्हणाली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ताडकळसला घर कोणत्या अंगाला हाय गं तुझं? न्हाई, आमचे पाव्हणे हायेत तिथं." आडनाव तिला माहीत होतं, पण आमचं आडनाव वेशीच्या आत-बाहेर दोन्हीकडे सापडतं, त्यावरून बयेचा हिशोब लागला नव्हता. साता समुद्रापार येऊन, तोंडात माझाच घास धरून ही मला वेस विचारायली! असा संताप आला मला!

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. रविवारी दुपारचा चहा झाला की ते करतातच. बाबा पंचायत समितीत कारकून होते. साहेब कुणीही असो, सकाळी आत शिरताना ते खणखणीत आवाजात 'जयभीम' म्हणायचे. काही साहेब मानसुद्धा वर करत नसत. "उत्तर न्हाई आलं तरी आपण म्हणायचं," असं त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं होतं. घरातही फोन उचलला की आधी जयभीम, मग बाकीचं.

मी फोन उचलला.

"जयभीम, माय!"

शेजारी तिचा घास चावायचा थांबला. आणि मी म्हणाले, "हां बाबा, नमस्कार. बाहेर हाय, नंतर बोलते."

बाबा "बरं बरं" म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

सोनपेठवालीने उरलेला अर्धा धपाटा डब्याच्या झाकणावर ठेवला. "पोट भरलं माझं, तुमी खावा." सकाळपासून मी 'तू' होते. म्हणजे तिला जे कळायचं ते बाबांच्या पहिल्याच शब्दाला कळलं होतं. मग मी नमस्कार घालून फसवलं कुणाला? ती गेली खड्ड्यात, तिच्यासारख्या छप्पन्न बघितल्यात. पण आयुष्यभर साहेबांना न भ्यायलेल्या माणसाला मी एका अर्ध्या धपाट्यापायी गप्प केलं. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी फोन लागताच आधी ओरडले, "जयभीम, बाबा!" त्यांनी आधी हळूच विचारलं, "एकटीच हायस न्हवं?" मी हो म्हटल्यावर मग जयभीम म्हणाले, तेही दबक्या आवाजात.

आता शिक्षण संपवून मी परभणीतच नोकरी करते. ताडकळसला आमच्या दारावरून कुणीही जावो, बाबांचा जयभीम गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. फोनवर मात्र मी कितीही मोठ्याने म्हणाले तरी ते आधी विचारतात, "कुणी हाय का गं जवळ?"