पहिलं फळ आजीचं

माझ्या मावशीने आजवर कोणाकोणाला मारलं हे सांगायला बसले तर सकाळची संध्याकाळ होईल. बाजारात तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकाच दुकानदाराची झाली. त्याने कुठूनतरी आणलेली स्वस्तातली स्ट्रॉबेरी आमच्या डब्यांत भरून आमच्या नावावर खपवली होती, आणि पकडला गेल्यावर वर तोंड करून म्हणाला, ‘‘तोफबाई, एवढं काय त्यात?’’ मावशीने त्याच्याच दुकानातला भरलेला क्रेट त्याच्या डोक्यावर रिकामा केला आणि मग तो रिकामा क्रेटही तिथेच घातला. टाके पडले त्याला. मी तिला ओढत घरी आणत होते आणि ती हाताला लागलेला लाल रस चाखून म्हणत होती, ‘‘आंबट ढाण होती गं! बरं झालं, चांगली फळं वाया गेली नाहीत.’’

मी तिची सख्खी भाची. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिच्याबद्दल मी तटस्थपणे बोलेन अशी आशा कोणी ठेवू नये. तिच्या हातचा मार मीही खाल्लाय आणि त्यातला निम्मा तरी मला हवाच होता.

पण ही बाई मूळची अशी नव्हती. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा मार खाणारी तीच होती. सासूचा हात भारी चालायचा. भात करपला, दार उघडं राहिलं, हसण्याचा आवाज मोठा झाला, काहीही निमित्त पुरायचं. मावशीच्या मनगटावर अजून एक काळपट डाग आहे, तो तापलेल्या उलथन्याचा. काका, म्हणजे मावशीचा नवरा, गरीब स्वभावाचा होता. तो आईलाही काही बोलायचा नाही आणि बायकोलाही. सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावायचा आणि बेरींच्या ओळींत निघून जायचा. घरापेक्षा तिथे शांतता जास्त असेल.

एका दुपारी वारा फिरला आणि औषध सगळं काकाच्या अंगावर आलं. मावशी डबा घेऊन गेली तेव्हा तो ओळीत आडवा पडला होता, तोंडाला फेस आणि डोळ्यांतल्या बाहुल्या नुसत्या टिपक्याएवढ्या. तिने त्याला शर्टाच्या कॉलरला धरून रस्त्यापर्यंत फरफटत नेलं. गाडीतच तो गेला. सगळं आटोपून घरी आल्यावर तिने कुऱ्हाड घेतली आणि अंगणात तो पंप फोडायला सुरुवात केली. टाकीचा चुराडा झाला, नळी तुटली, तरी ती थांबेना. धाकटा दीर तिला आवरायला मागून गेला आणि दांडा त्याच्या तोंडावर बसला. तेव्हापासून त्याचं नाक डावीकडे बघतं. सासू पायरीवर बसून हे सगळं पाहत होती. मावशी कुऱ्हाड टाकून तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘या मातीत पुन्हा विष पडणार नाही. पडलं तर ज्याने टाकलं त्याला मी इथेच गाडीन.’’

जमीन सासूच्या नावावर होती. तिने होकारार्थी मान डोलावली. त्या दिवसानंतर तिने सुनेवर कधी हात टाकला नाही. सुनेनेही, अंगात सगळा दारूगोळा भरल्यावरही, सासूवर कधी टाकला नाही. तोंडाने मात्र दोघी एकमेकींना रोज सोलून काढत.

पहिली काही वर्षं किड्यांनी आम्हाला जेवायला काही ठेवलं नाही. मावशी लसूण आणि मिरची वाटायची, त्यात साबणाचं पाणी घालायची आणि ते मारत सुटायची. सगळ्या शेताला त्याचा उग्र वास यायचा, आमच्या केसांनासुद्धा. हळूहळू झाडं सावरली. मग सेंद्रिय शेतीचा दाखला देणाऱ्या सरकारी ऑफिसातून माणसं आली, माती नेली, पानं नेली आणि एक दिवस फाटकावर ‘विषमुक्त’ असा बोर्ड लागला. बोर्डाखाली पत्र्याची शेड, शेडमध्ये लांब टेबल, टेबलावर वजनकाटा. एवढाच आमचा बाजार. थंडी सरत आली की स्ट्रॉबेरी, मग तुती, ऊन तापलं की रासबेरी आणि सगळ्यात शेवटी ब्लॅकबेरी. जे झाडावर असेल तेच टेबलावर. नसेल तेव्हा मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, ‘‘झाडाला विचारून या.’’

आमच्या बाजाराचा एक रिवाज होता. फळ धुवायचं नाही, कारण धुतलेली बेरी दुपारपर्यंत लिबलिबीत होते. पण तोडलेल्या प्रत्येक ट्रेमधलं पहिलं फळ घरातल्या माणसाने गिऱ्हाइकासमोर तसंच खायचं, आणि कुठलं खायचं ते गिऱ्हाइकाने बोट दाखवून सांगायचं. हे काम आजींचं, म्हणजे सासूबाईंचं. सगळे त्यांना आजीच म्हणत. त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या, फळ चावायच्या आणि जणू सुनेचाच निकाल लावतायत अशा थाटात म्हणायच्या, ‘‘बरंय. खाण्यासारखं आहे.’’ त्याशिवाय एक डबा विकला जायचा नाही.

राहिला धाकटा दीर. त्याला ही जमीन विकून टाकायची होती. घरं बांधणारा एक माणूस त्याच्या मागे लागलेला होता. आजींनी दोघांना समोर बसवून एकदाच सांगितलं होतं, ‘‘बोर्ड आहे तोवर जमीन अखंड राहील. बोर्ड उतरला की विका आणि वाटून घ्या, मग मला विचारू नका.’’ त्या दिवसापासून धाकट्याची नजर बोर्डावर. त्याने कुंपण कापून शेळ्या आत सोडल्या. मावशी त्याच्या घरी जाऊन त्याच्या अंगणातल्या फरशा कुदळीने उखडून आली. भांडणात एकदा त्याने फाटक तिच्या हातावर लोटलं आणि तिची दोन बोटं कायमची वाकडी झाली. तिने त्याच वाकड्या बोटांच्या मुठीने पुढच्या आठवड्यात त्याचा दात पाडला. लोक म्हणायचे, दोघंही सारखेच. मला या वाक्याचा संताप येतो. एक जण मारायला जात होता आणि एक जण परत मारत होती, यात सारखं काय आहे?

त्या वर्षी रासबेरीच्या दिवसांत घरभर ताप आणि सर्दी होती. आजी अंथरुणालाच खिळल्या होत्या. आठवडाभर पहिलं फळ मीच खात होते. त्या सकाळी आम्ही रासबेरी तोडल्या तेव्हा पानं दवाने ओली होती आणि उग्र वास येत होता. आमच्या शेताला वास यायचाच. आदल्या दिवशी मावशीने लसणाचं पाणी मारलं होतं, तिचं नाक अर्धं चोंदलेलं, माझंही. इतकी वर्षं ज्यांनी विष हातात धरलं नाही त्यांना विषाचा वास कसा ओळखू येणार? आम्ही ट्रे भरून टेबलावर मांडले. गिऱ्हाइकं जमू लागली.

थोड्या वेळाने गाडी आली. गाडीतून ऑफिसचा तपासनीस उतरला आणि त्याच्यामागून धाकटा. ‘‘तक्रार आली आहे,’’ तपासनीस अवघडून म्हणाला, ‘‘तुम्ही फवारणी करता म्हणून. नमुना घ्यावा लागेल.’’

‘‘घ्या की,’’ मावशी म्हणाली. ‘‘पोतं भरून घ्या. आणि तक्रार करणाऱ्याला म्हणावं, नाक सांभाळ.’’

गिऱ्हाइकं हसली. धाकटाही हसला, आणि तेच मला खटकलं. तो असल्या बोलण्यावर कधी हसत नसे.

मी पहिलं फळ खायला पुढे झाले. धाकटा खांबाला टेकून निवांत बघत होता. माझ्या पोटाची त्याला काय फिकीर! तेवढ्यात घराच्या बाजूने काठीचा आवाज आला. आजी. अंगावर शाल, चेहरा पांढराफटक, पण आवाज तोच.

‘‘सरकारी माणूस आलाय आणि चाखायला ही पोर? हो बाजूला.’’

मावशी ओरडली, ‘‘आई, अंगात ताप आहे, उठलात कशाला?’’

‘‘तुझ्या तोंडाने बरी झाले असते तर कधीच उठले असते,’’ आजी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. ‘‘साहेब, दाखवा बोट. कुठली खाऊ?’’

तपासनिसाने रासबेरीच्या ट्रेमधली एक टपोरी दाखवली. आजींनी ती उचलली. मग समोर धाकट्याकडे पाहिलं, कारण आपला मुलगा खूप दिवसांनी दारात आला होता. धाकटा खांबापासून सरळ झाला होता. त्याचा हात वर आला, तोंड उघडलं. मग तोंड मिटलं आणि हात खाली गेला.

मी हे पाहिलं आणि मला काहीच कळलं नाही. मावशीने पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

आजींचा हात सावकाश तोंडाकडे चालला होता. तापाने अंगात त्राण नसेल असं आम्हाला वाटलं. फळ ओठांच्या आत गेलं, आणि त्याच क्षणी मावशी टेबलावरून झेपावली. वजनकाटा खाली, ट्रे खाली. तिने आजींच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की खुर्ची मागे उलटली. आजी जमिनीवर पडल्या. मावशीने छातीवर गुडघा ठेवून त्यांच्या तोंडात बोटं घातली, तीच वाकडी बोटं, आणि आतून लाल चोथा ओरबाडून काढला. त्याबरोबर एक दात आला. रक्त कुठलं आणि रासबेरी कुठली ते समजत नव्हतं.

बायका किंचाळायला लागल्या. कोणीतरी ‘‘पोलिसांना बोलवा’’ म्हणालं. धाकट्याला तर हवं तेच मिळालं. ‘‘बघा! बघा माझ्या आईला कशी मारते!’’ म्हणत तो धावला आणि मावशीचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. भुवईवरची कातडी फाटून तिच्या डोळ्यात रक्त उतरलं. गिऱ्हाइकांपैकी कोणी मध्ये पडलं नाही, कारण आता सगळे त्याच्या बाजूचे होते. मी त्याच्या दंडाला चावले, तेव्हा त्याने मला कोपराने उडवलं.

मावशी पडल्या जागेवरूनच ट्रेमध्ये उरलेली एक रासबेरी शोधत होती. सापडली. ती त्याच्यासमोर धरून म्हणाली, ‘‘खा.’’

धाकटा थांबला.

‘‘तुम्ही घरातलेच आहात भावजी. रिवाज आहे. एक खा, मी आत्ता बोर्ड उतरवते आणि जमिनीवरून चालती होते.’’

‘‘तू मला सांगणार...’’

‘‘मी सांगते,’’ खालून आवाज आला. आजी कोपरावर उठल्या होत्या. हनुवटीवरून रक्त गळत होतं. ‘‘खा रे बाळा. एकच खा.’’

धाकट्याने त्या एवढ्याशा फळाकडे पाहिलं. तो एक पाऊल मागे सरला.

‘‘मला... मला रासबेरी आवडत नाही,’’ तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. तपासनिसाने हातमोजे चढवले आणि सांडलेली फळं पिशवीत भरायला घेतली. आजींनी जमिनीवर चाचपत आपली काठी शोधली. माणसाला मारण्याएवढी ताकद त्यांच्यात कुठून आली कोण जाणे, पण पहिला तडाखा धाकट्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो वाकला, मग पाठीवर, मग डोक्यावर. तो हात वर करून मार अडवत होता. आम्ही कोणी आजींना आवरलं नाही. काठी मोडली तेव्हा त्या थांबल्या.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. फळांत विष निघालं, आणि तेही अंदाज न घेता ओतलेलं. काका ज्याने गेला तेच औषध. तापाने खंगलेल्या म्हाताऱ्या शरीराला एक फळही महागात पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्याला पोलीस घेऊन गेले. विष कोणी का टाकेना, पण सापडलं, तेव्हा नियमाप्रमाणे बोर्ड उतरलाच. धाकट्याच्या वकिलाने आजींना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली, बोर्ड उतरला की वाटणी. आजींनी त्याला तोंड उघडून दाताची मोकळी जागा दाखवली आणि फाटकाबाहेर काढलं. जमीन आज मावशीच्या नावावर आहे. रासबेरीची ती ओळ तिने कुऱ्हाडीने तोडून जाळली, मुळांसकट.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाच्या संध्याकाळचं. मावशी कपाळाला पट्टी बांधून आजींच्या खाटेशी बसली होती आणि त्यांना चमच्याने पेज भरवत होती. आजींचा गाल सुजून काळानिळा झाला होता, त्यावर चार बोटं स्पष्ट उमटली होती. मावशी त्या गालाकडे बघायचं टाळत होती. ज्या बाईने आयुष्यात कोणाला मारून पस्तावा केला नाही, ती एकच चमचा पुन्हा पुन्हा फुंकून गार करत होती.

‘‘जोरात मारलंस गं,’’ आजी म्हणाल्या.

‘‘आई, मला दुसरं काही सुचलंच नाही. भावजींचा हात वर येऊन खाली गेलेला मी बघितला, आणि...’’

‘‘मीही बघितला.’’

मावशीचा चमचा तसाच राहिला. ‘‘तुम्ही बघितला? मग तरीही रासबेरी तोंडात घातलीत?’’

आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘सावकाश नेत होते ना मी तोंडाकडे. त्याला बोलायला वेळ मिळावा म्हणून.’’

मावशीने वाटी खाली ठेवली आणि आजींच्या त्याच सुजलेल्या गालाला आपला गाल लावून ती मोठ्याने रडायला लागली.