बांधावरचं माराकाना

शाळेच्या फाटकाशी अंतोन सायकल धरून उभा दिसला, तेव्हाच मी हातातला खडू खाली ठेवला. अंतोन माझा धाकटा दीर. तो कधी शाळेकडे फिरकत नाही. “वहिनी, चला. बाबा…” एवढंच तो म्हणाला आणि सायकलच्या घंटीकडे बघत राहिला. माझे सासरे, बस्त्यावबाबा, त्या सकाळी पेज पिऊन कुदळ आणि घमेलं घेऊन शेतावर गेले होते. पावसाचं पाणी जायला बांधाला पाडलेली एक खांड त्यांनी मातीने बुजवली, दुसरीकडे वळण्याआधी जरा टेकले, ते टेकलेच. शेजारच्या शेतात वालाच्या शेंगा खुडणाऱ्या बाईला वाटलं, म्हातारा ऊन खात बसलाय. त्यांना घरी आणलं तेव्हा नखांत माती होती आणि चेहरा असा, की आता उठतील आणि चहा मागतील. दुःख झालंच. पण खरं सांगते, त्या मरणाचा थोडा हेवाही वाटला. भेटायला येणारा जो तो एकच वाक्य बोलत होता, “म्हातारा आपल्या स्टेडियमातच गेला की!” आणि बोलता बोलता डोळे पुसत हसत होता.

हे स्टेडियम म्हणजे वसईतल्या आमच्या गावात, चर्चच्या मागे असलेलं आमचं भाताचं शेत. आमच्याकडे भात कापून झालं, जमीन सुकली, की पावसापर्यंत शेत पोरांचं. नाताळ आटोपला की गावागावांच्या फुटबॉलच्या मॅची सुरू होतात आणि त्या दिवसांत पोटाला भाकरी मिळाली नाही तरी चालेल, पण बॉलमध्ये हवा हवी. मी दहाएक वर्षांपूर्वी या घरात लग्न होऊन आले, तेव्हा दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर आमच्या ओट्यावर तीन माणसं जमायची. बाबा, पानवेलीचा मळा असलेले पेद्रूकाका आणि निवृत्त हेडमास्तर लोपीस मास्तर. विषय एकच. जगातलं सगळ्यात भारी फुटबॉल स्टेडियम कोणतं? तिघांपैकी एकानेही मुंबईपलीकडचं मैदान पाहिलेलं नव्हतं, पण ही अडचण त्यांना कधी अडचण वाटली नाही. पेद्रूकाकांचा भाऊ बोटीवर होता. तो बंदराबंदरांतून स्टेडियमच्या चित्रांची कार्डं पाठवायचा. सुकेळ्यांच्या ताटलीशेजारी ती कार्डं मांडून खटला चालायचा. मास्तर इंग्लंडच्या वेम्बलीचे वकील. तिथले दोन पांढरे मनोरे, तिथं मॅचच्या आधी लाखभर लोक एका सुरात स्तोत्र म्हणतात, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. “स्तोत्र ऐकायला चर्च आहे की आपलं,” बाबा म्हणायचे. ते ब्राझीलच्या माराकानाचे. आणि त्यांचं म्हणणं मोठं विचित्र होतं. “आरडाओरडा काय, बाजारातपन असतो. माराकानात घरचा संघ फायनल हरला तेव्हा दोन लाख मानसं गप झाली. दोन लाख! ते खरं वातावरण.” पेद्रूकाका ज्या स्टेडियमचं नवं कार्ड आलं असेल त्याच्या बाजूने बोलायचे.

नव्या सुनेने या खटल्यात चहा देण्यापुरतंच यायचं. पण माझे वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीपायी माझ्या लहानपणाची काही वर्षं कलकत्त्यात गेली होती, आणि एका रविवारी कपबशा ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघून गेलं, “कलकत्त्याला मी पाहिलंय.” तिघेही माझ्याकडे बघायला लागले. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली पळी थांबल्याचं मला ऐकू आलं. मला वाटलं, झालं, चुकलंच आपलं. बाबांनी स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, “बस, सूनबाय. सगळं सांग.” मी सांगितलं… मैदानात जागा न मिळालेली माणसं झाडांवर कशी लटकतात, पुठ्ठ्याच्या नळीला आरसे लावून पुढच्याच्या डोक्यावरून मॅच कशी बघतात, आणि तिकीट नसलेले हजारो लोक किल्ल्याच्या मातीच्या उतारावर बसून गोल झाला की कसे एकदम उभे राहतात. बाबांनी एकच प्रश्न विचारला. “उतार मातीचाच? सिमेंट नाय?” मी म्हटलं, मातीचाच, वर गवत. त्या दिवशी त्यांनी माराकानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आमच्या घरात सुनेला मान कसा मिळाला असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगते. मला तो स्वयंपाकामुळे मिळाला नाही. माझी डाळ अजूनही पातळ होते.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी शेताला बांध घालायला घेतला. बांध सगळ्याच शेतांना असतो, चांगला गुडघाभर. बाबांचा होता छातीएवढा, आतून उतरता, पायऱ्या पाडलेला आणि कोपरे गोल केलेला. संध्याकाळी पेद्रूकाका माती ओढू लागायचे, मास्तर छत्री घेऊन गोलाई बरोबर येते का बघायचे. सासूबाई एकदाच शेतावर आल्या. चारी बाजूंनी बघून म्हणाल्या, “समदं झाक झालं. पानी जानार कुठून?” भाताच्या बांधाला पाणी काढून द्यायची खांड ठेवायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांनी जुन्या खांडी बुजवून टाकल्या होत्या. त्यांनी पेद्रूकाकांकडचं माराकानाचं कार्ड खिशातून काढलं आणि सासूबाईंपुढे धरलं. “ह्यात कुठं खांड दिसते तुला? अगं, घेरा म्हंजे घेरा. एका ठिकानी तुटला की मानसं दोन बाजू होतात.” वसईच्या शेतकऱ्याने ब्राझीलचं चित्र बघून भाताचा बांध घातला, आणि ब्राझीलच्या त्या स्टेडियमात भात लावत नाहीत, एवढीच गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही.

लावणी झाली आणि आषाढात पावसाने धार धरली. शेतात पाणी चढत गेलं, जायला वाट नाही. बाबा भर पावसात बांध फोडायला धावले, पण छातीएवढी चोपलेली माती ती, त्यांनीच चोपलेली. पाणी सुटेपर्यंत रोपं कुजून गेली होती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही! गावात त्या शेताचं नाव ‘बस्त्यावचं तळं’ पडलं. कोणी गळ घेऊन येऊ का विचारायचं, कोणी बदकं पाळा म्हणायचं. बाबा सगळ्यांना हसून उत्तर द्यायचे, पण घरात हसू नव्हतं. घरच्या भाताशिवाय या घराने कधी वर्ष काढलं नव्हतं. सासूबाई रोज रेशनच्या तांदळाचा भात रांधायच्या, वास मारणारा, आणि बाबांच्या ताटात सगळ्यांत आधी वाढायच्या. बाबा खाली मान घालून शेवटच्या शितापर्यंत जेवायचे. त्या वर्षी ओट्यावर रविवारचा खटला बसला नाही. मास्तर येऊन हवापाण्याचं बोलून जायचे.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी बाबांनी जेवताना सांगितलं, की बांध सपाट करतो. मला भरून आलं, कारण हे सांगताना ते कोणाकडेच बघत नव्हते. सासूबाईंनी ताटाकडे हात केला. “बांध मोडून माजं गेलेलं भात येनार आहे? नाय ना? मग मोडतोस कशाला. मला भात दे आनि पोरांना घेरा दे. दोनी दे.” आणि त्यांनी दोन्ही दिलं. दर वर्षी पाऊस पडायच्या आधी ते बांधाला समोरासमोर दोन खांडी पाडायचे आणि कापणी झाली की त्या पुन्हा भरून, चोपून, पायऱ्या पाडून घेरा पुरा करायचे. मदतीला कोणाला हात लावू देत नसत. “चूक माजी, कुदळ माजी.” पोटच्या पोरांनाही हेच उत्तर. भात पुन्हा कोठीत आलं. सासूबाई मात्र एकदाही मॅच बघायला आल्या नाहीत. “मी भाताची मालकीन, तमाशाची नाय,” असं म्हणायच्या, आणि मॅचच्या दिवशी शंभर माणसांच्या चहाचं आधण ठेवायच्या.

आणि काय रंगायच्या त्या मॅची! बांधावर चारी बाजूंनी माणसं, एका पायरीवर म्हातारे, एका पायरीवर पोरीबाळी, खाडीकडच्या गावांतून आलेले जनार्दन, पांडुरंग, आमचे फ्रान्सिस, सिमाव, सगळे मांडीला मांडी लावून. बाबा बॉलपेक्षा बांधाकडेच जास्त बघायचे. एकदा मास्तर त्यांना हट्टाने मुंबईला मोठी मॅच दाखवायला घेऊन गेले, तर परत आल्यावर बाबांचं एकच गाऱ्हाणं… “बाजूच्याला विचारलं, तू कुठला, तर तो रागावला. असलं कसलं स्टेडियम!” मेक्सिकोचा वर्ल्ड कप टीव्हीवर दिसला आणि त्यात प्रेक्षकांची ती लाट, एकामागून एक उभं राहायचं, हात वर करायचे. झालं. पुढच्याच मोसमात बाबांनी हाफटाइमला मैदानाच्या मधोमध उभं राहून सगळ्या गावाला लाट शिकवली. पहिली लाट पेद्रूकाकांपासून निघाली, पोरींच्या पायरीवरून मस्त धावली आणि फादरांच्या खुर्चीशी येऊन आपटली. फादर बसलेलेच. “फादर, उठा! तुमच्याशी लाट अडलीय!” बाबा मैदानातून ओरडले. फादर झगा सावरत उठले, हात वर केले, आणि लाट सगळा घेरा फिरून पेद्रूकाकांपाशी परत आली. बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या माणसाला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

ते गेले तेव्हा एक खांड भरलेली होती आणि एक उघडी. मॅची तोंडावर आल्या होत्या. घरात बोलणं निघालं. माझा नवरा बँकेत, अंतोन कारखान्यात. वर्षातून दोनदा माती ओढायला वेळ कोणाला आहे? “यंदा एक खांड राहू दे तशीच,” अंतोन म्हणाला. “आणि उन्हाळ्यात बांधच सपाट करून टाकू. तेवढीच जागा भाताला मिळेल.” बोलणं रास्त होतं. मला रडू येत होतं आणि मुद्दा सुचत नव्हता. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि आम्ही सगळ्यांनी तो होकार धरला. या बांधापायी त्यांनीच सगळ्यांत जास्त सोसलं होतं.

बाबांसाठी महिन्याची मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतली कुदळ जागेवर नव्हती. मी तशीच शेतावर गेले. सासूबाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोचला होता, खांड अर्ध्याच्या वर भरत आली होती, आणि त्या घमेलं उपडं करून माती पायाने दाबत होत्या. मी नुसती उभी राहिले. “बघतेस काय? पानी आन. सुकी माती बसत नाय.” मी पाणी आणलं. आम्ही दोघींनी मिळून बांध भरला. त्यांनी कुदळीच्या पाठीने तो चोपला, हाताने पायरी पाडली, बसता येतं का ते स्वतः बसून बघितलं. मग नजर फिरवत त्या सगळा घेरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अर्दं काम टाकून गेला. त्याला सवयच नव्हती तशी.” पदराने तोंड पुसलं. “पावसाआधी कापायचं अंतोनने. भरायचं मी. घरी सांग सगळ्यांना.”

परवा पहिली मॅच झाली. सासूबाई आल्या आणि सरळ त्या ओल्या मातीच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुखवट्यात बाई मैदानात, म्हणून दोन-चार माना वळल्या, पण फादरांनीच लांबून हात जोडले आणि माना परत फिरल्या. खालच्या पायरीवर मास्तर आणि पेद्रूकाका होते. मग मास्तर घसा खाकरून म्हणाले, “पेद्रू, आज मी कबूल करतो. बस्त्यावचं बरोबर होतं. माराकानाच मोठं.” इतक्या वर्षांत वेम्बलीने पहिल्यांदा हार मानली होती, आणि ऐकायला माणूस नव्हता.

सासूबाई पुढे वाकल्या. “मास्तर, तिकडे त्या माराकानात बांध कोन भरतं?”

मास्तरांनी चष्मा काढला. “कोणी नाही, वयनी. सिमेंटचं आहे ते.”

“मग कसलं मोठं,” सासूबाई म्हणाल्या, आणि मॅच बघू लागल्या.